२० अँपिअर, १०० किलोहर्ट्झ, ०.०१ टक्का : अचूकता अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शोधू नका

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यातून प्रश्न आला आहे. ते सोलर इन्व्हर्टर आणि ईव्ही चार्जरसाठी करंट सेन्सर बनवतात. आजवर ५० हर्ट्झची तपासणी पुरत होती. आता मोठ्या ग्राहकानं २० अँपिअरला, डीसीपासून १०० किलोहर्ट्झपर्यंतचा रिस्पॉन्स आकड्यांसकट मागितलाय. सध्या त्यांच्याकडे ५०० वॅटचा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे, त्याच्यापुढे अ‍ॅल्युमिनिअम बॉडीचा एक ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर, आणि तिथून टेबलावरच्या सेन्सरपर्यंत दोन-दोन मीटरच्या जाड वायरी. ५० हर्ट्झला करंट मिळतो पण सरकत राहतो. २० किलोहर्ट्झच्या पुढे करंट पडतो आणि अ‍ॅम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो. प्रश्न असा : ०.०१ टक्का अचूकतेचा, वाइडबँड अ‍ॅम्प्लिफायर स्वतः बनवायचा असेल तर सर्किट कोणतं घ्यावं?

सर्किट सांगतो, पण आधी तुमच्या टेबलावरच्या वायरी बघू. खरं दुखणं तिथे आहे.

मोकळ्या पडलेल्या वायरीचं इंडक्टन्स ढोबळमानानं मीटरला एक मायक्रोहेन्री धरतात. तुमची जाऊन-येऊन चार मीटर वायर म्हणजे चार मायक्रोहेन्री. १०० किलोहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स झाला अडीच ओहम. २० अँपिअर ढकलायला नुसत्या वायरीवर ५० व्होल्ट लागले, आणि रेझिस्टरचे २० व्होल्ट वेगळे. वायरवाउंड रेझिस्टर स्वतःच एक गुंडाळी आहे, तिचं इंडक्टन्स यात धरलेलंच नाही. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरनं मान टाकली यात त्याचा दोष नाही. वायरी जाड केल्यानंही फार फरक पडणार नाही. १०० किलोहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जाड वायरीचं पोट रिकामंच राहतं आणि इंडक्टन्स जवळजवळ तसंच राहतं.

करंट सरकण्याचं कारणही त्याच मांडणीत आहे. २० अँपिअरला एक ओहममध्ये ४०० वॅट जळतात. रेझिस्टर शंभर अंशांनी तापला आणि त्याचा टेम्परेचर कोइफिशंट अंशाला १०० पीपीएम (दशलक्षात शंभर भाग, म्हणजे ०.०१ टक्का) असला तरी एक टक्का गेला. तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स तर अंशाला ०.३९ टक्क्यानं वाढतो. व्होल्टेज सोर्सपुढे रेझिस्टर लावून करंट ठरवायचा म्हटलं की सर्किटमधली तापणारी प्रत्येक वस्तू करंटमध्ये हात घालते. म्हणून इथे ट्रान्सकंडक्टन्स अ‍ॅम्प्लिफायर लागतो : इनपुटला व्होल्टेज द्यायचं, आउटपुटला त्या प्रमाणात करंट, मग लोड काहीही असो. हे ‘काहीही’ कागदावरच असतं. प्रत्यक्षात त्याला दोन मर्यादा असतात, कम्प्लायन्स व्होल्टेज (करंट टिकवायला जास्तीत जास्त जेवढं व्होल्टेज देता येतं ते) आणि आउटपुटची कपॅसिटन्स. पहिली सगळ्यांना माहीत असते. दुसरी बहुतेकांना उशिरा कळते, आणि अचूकतेचं भांडण दुसरीशीच आहे.

समजा अ‍ॅम्प्लिफायर आदर्श आहे, पण त्याच्या आउटपुट टर्मिनलवर ग्राउंडला थोडी कपॅसिटन्स आहे. लोड इंडक्टिव्ह, म्हणजे व्होल्टेज करंटच्या ९० अंश पुढे. कपॅसिटरचा करंट व्होल्टेजच्या आणखी ९० अंश पुढे. बेरीज १८० अंश. म्हणजे कपॅसिटरनं खाल्लेला करंट लोडच्या करंटमधून वजा होत नाही, उलट लोडमध्ये ठरवल्यापेक्षा जास्त करंट वाहतो. वाढ किती, तर कोनीय फ्रिक्वेन्सीचा वर्ग गुणिले इंडक्टन्स गुणिले कपॅसिटन्स. एक मायक्रोहेन्रीचा लोड आणि १०० किलोहर्ट्झ असेल, तर १०० पीपीएमच्या आत राहायला आउटपुटची एकूण कपॅसिटन्स २५० पिकोफॅरडच्या आत हवी. एका पॉवर ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्सच तेवढी भरते. अडीच मीटर कोॲक्स केबलचीही तेवढीच. असे दहा-वीस ट्रान्झिस्टर पॅरललमध्ये लावून वर ०.०१ टक्का अचूकता अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मागायची, हे जमण्यातलं नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे की अ‍ॅम्प्लिफायरकडून अचूकता मागूच नका. त्याच्याकडून तीन गोष्टी घ्या : तो ऑसिलेट होऊ नये, दहा-पंधरा मिनिटं करंट जागेवर राहावा, आणि वेव्हफॉर्म स्वच्छ असावा. अचूकता एका वेगळ्या चार टर्मिनलच्या शंटमध्ये, म्हणजे करंट मोजायच्या छोट्या किमतीच्या रेझिस्टरमध्ये, ठेवा आणि तो शंट लोडला अगदी चिकटून बसवा. अ‍ॅम्प्लिफायरनं टर्मिनलवर पाव टक्का जास्त करंट सोडला तरी शंटला आणि सेन्सरला तोच करंट दिसतोय ना, एवढंच बघायचं. हे एकदा मान्य केलं की डिझाइन निम्म्यानं सोपं होतं.

आता जिगपासून, म्हणजे सेन्सर बसवायच्या मांडणीपासून, सुरुवात करू. लोक जिग शेवटी करतात, माझ्या मते तो पहिला करावा, कारण पॉवर सप्लाय किती व्होल्टचा लागेल हे जिगच ठरवतो. अ‍ॅम्प्लिफायरपासून सेन्सरपर्यंत वायर न्यायचीच नाही. तांब्याच्या दोन पट्ट्या घ्या, ३० मिलिमीटर रुंद, मध्ये ०.१ मिलिमीटरची कॅप्टॉन टेप (पातळ इन्सुलेशनची टेप), आणि दोन्ही एकमेकींवर घट्ट दाबून. सातपूर-अंबडला ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग करणाऱ्यांकडे एलटी वाइंडिंगचं कॉपर फॉइल असतं, कापून उरलेली पट्टीसुद्धा तुम्हाला पुरेल. अशा जोडपट्टीचं इंडक्टन्स मीटरला चार-पाच नॅनोहेन्री येतं. मोकळ्या वायरीच्या तुलनेत शंभरपटींहून जास्त कमी. ते फुकट मिळत नाही, अर्ध्या मीटरला साडेचार नॅनोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स येते. पण शंट पट्टीच्या पलीकडच्या टोकाला असल्यामुळे ती शंटच्या आधीच संपते आणि मापनात येत नाही.

पट्टीच्या टोकाला पिंजरा. पितळेच्या दोन चकत्या, मध्ये १० मिलिमीटरचा तांब्याचा रॉड, आणि त्याच्याभोवती १२० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आठ बारीक रॉड परतीच्या करंटसाठी. तुमचा सेन्सर मधल्या रॉडवर ओवायचा, वरची चकती झाकणासारखी बसवायची. १५० मिलिमीटर उंचीच्या अशा पिंजऱ्याचं इंडक्टन्स ७५ नॅनोहेन्रीच्या आसपास येतं. दुसरा फायदा याहून मोठा आहे. हॉल सेन्सरच्या किंवा क्लॅम्पच्या शेजारून परतीची वायर एका बाजूनं गेली की तिचं क्षेत्र रीडिंगमध्ये शिरतं, आणि सेन्सर जरा फिरवला की आकडा बदलतो. परतीचा करंट चारही बाजूंनी सारखा वाटला गेला की ते क्षेत्र मधोमध जवळजवळ रद्द होतं. चकत्या लेथवर करून घेताना भोकांची जागा डिव्हायडिंग हेडवर घ्यायला सांगा, हातानं पंच मारलेली भोकं नकोत.

पिंजरा, पट्टी, शंट आणि टर्मिनल मिळून तुम्ही ०.१५ मायक्रोहेन्रीच्या आसपास याल. १०० किलोहर्ट्झला ते ०.०९४ ओहम, म्हणजे २० अँपिअरला १.९ व्होल्ट. ५० व्होल्टवरून आपण इथे आलो, अजून एक ट्रान्झिस्टरही विकत न घेता.

याचा थेट परिणाम उष्णतेवर. लोडवर जेमतेम तीन व्होल्ट पीक, आतल्या सेन्स रेझिस्टरवर (ज्यावरून सर्किट स्वतःचा करंट ओळखतं) दीड, ट्रान्झिस्टरला मोकळं राहायला तीन, आणि सप्लायच्या रिपलसाठी दीड-दोन. अधिक-उणे १० व्होल्टचा सप्लाय पुरतो. २० अँपिअर आरएमएस साइन वेव्हला दोन्ही रेल मिळून सरासरी १८ अँपिअर घेतात, म्हणून १० व्होल्टला १८० वॅट. वायरी तशाच ठेवून १५ व्होल्टचा सप्लाय घेतला असता तर २७० वॅट झाले असते, आणि तेवढ्या व्होल्टेजमध्ये १०० किलोहर्ट्झ मिळालाही नसता. लोड जवळजवळ शॉर्ट असल्यामुळे यातली बहुतेक वॉटेज हीटसिंकवरच जाते. एप्रिल-मेमध्ये नाशिकला दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि तुमची टेस्टिंगची केबिन शेडच्या पत्र्याखाली असणार असं गृहीत धरतो. दोनशे वॅटची भट्टी त्या केबिनच्या एसीनं झेलायची आहे. पंख्याची गरम हवा शंटवर येणार नाही अशी मांडणी करा, हे सांगायला साधं वाटतं पण निम्म्या ठिकाणी उलटं असतं.

सप्लाय लिनिअर घ्या. टोरॉइड, ब्रिज आणि प्रत्येक रेलला लाखभर मायक्रोफॅरड. २० अँपिअर डीसी घेतलात तर एकाच रेलवर सगळा भार येतो, तेव्हाही रिपल दीड व्होल्टच्या आसपास राहतो. एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग सप्लाय, स्वस्त आणि हलका असतो हे खरं, पण त्याचा कॉमन मोड नॉइज (दोन्ही तारांवर एकसारखा येणारा) नेमका तुमच्या मापनाच्या बँडमध्ये पडतो आणि तो शोधण्यात आठवडे जातात. ट्रान्सफॉर्मर बनवून घेताना प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये फॉइलची शील्ड टाकायला सांगा. का, ते पुढे येतं.

आता सर्किट. मोठा करंट एकाच मोठ्या स्टेजमधून काढायचा नाही, लहान-लहान करंट सोर्स, प्रत्येक वेगळ्या कार्डावर, पॅरललमध्ये जोडायचे. अमेरिकेच्या एनआयएसटी या राष्ट्रीय मापन संस्थेत ओवेन लॉग यांनी १९९० मध्ये याच तत्त्वावर ३५ अँपिअर, डीसी ते १०० किलोहर्ट्झचा अ‍ॅम्प्लिफायर मांडला होता. व्होल्टेज सोर्स पॅरलल केले की ते एकमेकांशी भांडतात. करंट सोर्सची नुसती बेरीज होते. दहातल्या एका कार्डाचा गेन अर्धा टक्का चुकला तर एकूण बेरजेत त्याचा दहावा हिस्सा चुकतो, बस.

तुमच्यासाठी दहा कार्डं, प्रत्येक २ अँपिअरचं. कार्डाची रचना दोन प्रकारे होते. एक म्हणजे हॉवलंड पद्धत, चार रेझिस्टरच्या जुळणीवर उभी असलेली. त्यात रेझिस्टर ०.१ टक्क्याचे घेतले तर अर्ध्या ओहमच्या सेन्सला वाईटात वाईट अडीचशे ओहम आउटपुट इम्पिडन्स मिळतो. दहा कार्डं पॅरलल केली की २५ ओहम. शिवाय सेन्स रेझिस्टर लोडच्या व्होल्टेजवर तरंगतो, त्यामुळे १०० किलोहर्ट्झला ऑप-अँपच्या कॉमन मोड रिजेक्शनवर सगळी भिस्त, आणि ते नेमकं तिथेच ढेपाळतं.

दुसरी पद्धत मला जास्त पटते : तरंगता सप्लाय. पॉवर सप्लायचा मधला बिंदू ग्राउंडला जोडायचाच नाही, तोच आउटपुट टर्मिनल. ट्रान्झिस्टरच्या जोडीचा एमिटरकडचा बिंदू सेन्स रेझिस्टरमधून ग्राउंडला जातो. म्हणजे सेन्स रेझिस्टरचं एक टोक कायम ग्राउंडवर, ऑप-अँपला कॉमन मोडची कटकट नाही, आणि लोड कलेक्टरच्या बाजूला. कलेक्टरचा इम्पिडन्स मुळातच जास्त असतो, त्यामुळे लोड फीडबॅक लूपच्या जवळजवळ बाहेर राहतो. ऑप-अँपला स्वतःचा वेगळा, ग्राउंडवर उभा असलेला १५ व्होल्टचा छोटा सप्लाय द्यायचा. दहाही कार्डांना मोठा तरंगता सप्लाय एकच. प्रत्येकाचा सेन्स रेझिस्टर वेगळा, अर्धा ओहम, म्हणजे २ अँपिअरला एक व्होल्ट आणि दोन वॅट.

तोटा उघड आहे. अख्खा पॉवर सप्लाय, हीटसिंकसकट, लोडच्या व्होल्टेजवर हलतो. ट्रान्सफॉर्मरची प्रायमरीशी असलेली कपॅसिटन्स आणि हीटसिंकची बॉडीशी असलेली कपॅसिटन्स ही सगळी आउटपुटची कपॅसिटन्स होते. म्हणून ती शील्ड. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या ग्राउंडला जोडा, म्हणजे मेन्समधला कचरा आउटपुटवर येत नाही. उरलेली कपॅसिटन्स सहन करायची, कारण शंट लोडपाशी आहे. एक सोय मात्र होते : सगळ्या एनपीएनचे कलेक्टर एकाच रेलवर आणि सगळ्या पीएनपीचे दुसऱ्या, त्यामुळे अभ्रकाचे वॉशर न लावता ट्रान्झिस्टर थेट हीटसिंकवर बसवता येतात. दोन वेगळे हीटसिंक, दोन्ही बॉडीपासून इन्सुलेट केलेले. उष्णता चांगली जाते.

ट्रान्झिस्टरसाठी २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही ऑडिओवाल्यांची जोडी चालते. ३० मेगाहर्ट्झ, १५ अँपिअर, आणि कोणत्याही दुकानात मिळते. नकलीही तेवढीच मिळते, त्यामुळे अधिकृत वितरकाकडून घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलात तर कनेक्टर, बीडी१३९-१४० ड्रायव्हर, हीटसिंक यांची खरेदी खुशाल करा, पॉवर ट्रान्झिस्टर तेवढे तिथून उचलू नका. या जोडीची कलेक्टर-बेस कपॅसिटन्स दोन्ही मिळून साडेपाचशे पिकोफॅरडच्या आसपास. दहा जोड्यांची साडेपाच नॅनोफॅरड. हा आकडा लक्षात ठेवा.

मॉसफेट का नको, असं विचारलं जाईल. चालतील, पण लहान करंटला त्यांचा ट्रान्सकंडक्टन्स पडतो, क्रॉसओव्हर गुळगुळीत करायला बायस खूप ठेवावा लागतो, आणि एन व पी चॅनेलचं जोडपं जुळणारं मिळत नाही. बायपोलरला कार्डामागे १०० मिलिअँपिअर बायस पुरतो. बायसचा ट्रान्झिस्टर हीटसिंकवरच बसवा, आणि एमिटरला ०.१ ओहम द्या.

फीडबॅक लूपबद्दल एक दिलासा देणारं गणित. १०० किलोहर्ट्झला १०० पीपीएम हवेत म्हणून लूप गेन दहा हजार हवा, असं वाटतं. तसं नाही. त्या फ्रिक्वेन्सीला लूप गेन ९० अंश मागे असतो, त्यामुळे चूक काटकोनात येते. लूप गेन ७५ असला तरी मॅग्निट्यूडमधली चूक ९० पीपीएमच. फेजमध्ये मात्र पाऊण अंश जातो. म्हणजे लूपची बँडविड्थ सात-आठ मेगाहर्ट्झ पुरते, आणि ३० मेगाहर्ट्झच्या ट्रान्झिस्टरकडून त्याहून जास्त मागणं म्हणजे ऑसिलेशनला आमंत्रण. प्रत्येक बेसला दोन-चार ओहमचा स्टॉपर लावा. प्रत्येक कार्डावर फिल्म कपॅसिटर रेलपासून मधल्या बिंदूपर्यंत अगदी जवळ, कारण १०० किलोहर्ट्झचा २८ अँपिअर पीक करंट तुमच्या टोरॉइडपर्यंत परत जाणार नाही, तो इथल्या इथेच फिरला पाहिजे.

कार्डं स्थिर झाली तरी एक रेझोनन्स उरतो. ट्रान्झिस्टरचे साडेपाच नॅनोफॅरड, पट्टीचे साडेचार, आणि समोर ०.१५ मायक्रोहेन्री. चार मेगाहर्ट्झच्या आसपास हे रेझोनंट सर्किट वाजतं. त्याचा स्वभाव-इम्पिडन्स चार ओहमजवळ आहे, म्हणून आउटपुट टर्मिनलवर ४.७ ओहम आणि ३३ नॅनोफॅरडचा स्नबर, म्हणजे हा रेझोनन्स दाबणारी जोडी. आता एकूण कपॅसिटन्स ४३ नॅनोफॅरड झाली, आणि मघाच्या सूत्रानं १०० किलोहर्ट्झला लोडमधला करंट पाव टक्क्यानं वाढला. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या सेन्सवर भरवसा ठेवला असता तर हा पाव टक्का तुमच्या सेन्सरच्या नावावर गेला असता, आणि ग्राहकाला तुम्ही सांगितलं असतं की आमचा सेन्सर वरच्या फ्रिक्वेन्सीला जरा जास्त दाखवतो.

तर मग शंट. इथे पैसे खर्च करा. ५० मिलिओहम घ्या : २० अँपिअरला एक व्होल्ट, आणि एक व्होल्टच्या आसपास एसी व्होल्टमीटर सर्वांत सुखात असतात. लोक १० मिलिओहम घेतात कारण तो कमी तापतो. पण शंटची खरी परीक्षा इंडक्टन्स भागिले रेझिस्टन्स या टाइम कॉन्स्टंटवर होते. १० मिलिओहमला एक नॅनोहेन्री लागला की १०० किलोहर्ट्झला मॅग्निट्यूड ०.२ टक्के चुकतं आणि फेज साडेतीन अंशांहून जास्त. एक नॅनोहेन्री म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर वायर. १०० पीपीएमच्या आत राहायला टाइम कॉन्स्टंट २२ नॅनोसेकंदांच्या आत हवा. ५० मिलिओहमला त्यासाठी १.१ नॅनोहेन्रीपर्यंत सूट मिळते, १० मिलिओहमला ०.२२.

२० वॅट मात्र जळणार. त्यावर उपाय म्हणजे विभागणी : पाच ओहमचे शंभर मेटल फॉइल किंवा चांगले मेटल फिल्म रेझिस्टर पॅरललमध्ये, प्रत्येकावर ०.२ वॅट. दोन गोल पीसीबींच्या मध्ये ते उभे लावायचे, करंट मधून जातो, बाहेरून परत येतो, आणि व्होल्टेजचे टॅप करंटच्या वाटेच्या पलीकडच्या बाजूला घ्यायचे. जगभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतले पिंजऱ्यासारखे कोअ‍ॅक्सिअल शंट याच कुळातले. टेम्परेचर कोइफिशंट बघूनच रेझिस्टर घ्या. अंशाला २५ पीपीएमचा रेझिस्टर २० अंशांनी तापला तर ५०० पीपीएम गेले, आणि ‘शंभर नगांची सरासरी निघेल’ या आशेवर राहू नका, कारण एकाच रीळावरचे नग एकाच दिशेनं सरकतात. करंट चालू केल्यावर शंट पहिली काही मिनिटं किती सरकतो हे डीसीला बघा, त्यावरून सगळं कळतं.

शंट सेन्सरच्या खालच्या, ग्राउंडकडच्या बाजूला ठेवा. वरच्या बाजूला ठेवलात तर एक व्होल्ट मोजताना त्यावर दोन-तीन व्होल्ट कॉमन मोड बसेल, आणि १०० किलोहर्ट्झला त्यातून १०० मायक्रोव्होल्ट वेगळे काढणारा डिफरन्शिअल अ‍ॅम्प्लिफायर बनवणं हा याहून अवघड उद्योग आहे. व्होल्टमीटरकडे जाणारी कोॲक्स केबल फेराइटच्या कड्यातून पाच-सात वेढे देऊन न्या, म्हणजे मेन्सच्या अर्थमधून फिरणारा लूप तुटतो. बाजूच्या शेडमध्ये वेल्डिंग आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) चालू असतात तिथे हे कडं फार उपयोगी पडतं. आणि ‘५० हर्ट्झ’चं टेस्टिंग ५३ हर्ट्झला करा. मेन्सचा शिरकाव असेल तर रीडिंग झुलताना दिसेल. नेमक्या ५० ला तो लपून बसतो.

शंट तयार झाला की एनएबीएलमान्य प्रयोगशाळेतून डीसी किंमत आणि फ्रिक्वेन्सीनुसार एसी-डीसी फरक (त्या फ्रिक्वेन्सीला शंट डीसीपेक्षा किती वेगळा वागतो तो), दोन्ही काढून घ्या. साखळी तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मग एक संथ बाहेरचा लूप : कॉम्प्युटर व्होल्टमीटर वाचतो आणि जनरेटरचं व्होल्टेज किंचित सरकवून शंटवरचा आकडा जागेवर ठेवतो. अ‍ॅम्प्लिफायर तापून सरकला तरी चालतं. ०.०१ टक्का डीसीला आणि काही किलोहर्ट्झपर्यंत असा सहज हाती येतो. १०० किलोहर्ट्झला तुमचा व्होल्टमीटरच आडवा येतो, नावाजलेल्या साडेआठ आकडी मल्टिमीटरचीही तिथली अचूकता शेकडो पीपीएमच्या घरात असते. तुमच्या सेन्सरचा क्लास अर्ध्या टक्क्याचा आहे. त्याला १०० किलोहर्ट्झवर ०.१ टक्क्याचं प्रमाण भरपूर झालं. ग्राहकाला फ्रिक्वेन्सीनुसार वेगवेगळी अनिश्चितता लिहून द्या, फेज वेगळ्या रकान्यात. सगळ्या बँडला एकच ०.०१ छापलंत तर समजणारा माणूस बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही.

हे सगळं न करता भागेल का? तुमचा ग्राहक उद्या म्हणाला की एक किलोहर्ट्झपर्यंत पुरे, तर भागेल. सेन्सरमधून दहा वेढे घ्या, २ अँपिअर सोडा, २० अँपिअरचा परिणाम मिळतो, आणि एकच कार्ड पुरतं. १०० किलोहर्ट्झला ही युक्ती फसते : दहा वेढ्यांचं इंडक्टन्स सुमारे शंभरपट, वेढ्यांमधली कपॅसिटन्स वेगळी, आणि रेझोनन्स कुठे येईल याचा भरवसा नाही. तयार यंत्र घ्यायचं तर फ्लूक कंपनीचा ५२१२०ए १२० अँपिअर देतो, पण १० किलोहर्ट्झपर्यंत. ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरपुढे दहास एकचा फेराइट ट्रान्सफॉर्मर लावणं हा मधला मार्ग, त्यात डीसी मिळत नाही आणि लीकेज इंडक्टन्स येतं. पण नव्या जिगसोबत तो दहा किलोहर्ट्झच्या काही पटींपर्यंत वापरता येईल, अ‍ॅम्प्लिफायर तयार होईपर्यंत हात रिकामे राहणार नाहीत.

बांधताना एकच कार्ड आधी करा. त्याला २ अँपिअरवर तांब्याच्या शॉर्टिंग पट्टीनं, मग मुद्दाम एक मायक्रोहेन्रीच्या वेटोळ्यानं तपासा. स्क्वेअर वेव्ह द्या आणि स्कोपवर कड बघा, प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून स्प्रिंग लावून. मल्टिमीटरवर सगळं सुरळीत दिसत असताना कार्ड २० मेगाहर्ट्झला ऑसिलेट होत असतं आणि हीटसिंक विनाकारण गरम असतो, हे नेहमीचं. पिंजऱ्याच्या झाकणाला मायक्रोस्विच लावून इनपुट बंद करा, नाहीतर करंट चालू असताना सेन्सर बदलायला झाकण उघडलं की ऑप-अँप रेलला जातात आणि परत लावताना सेन्सरला झटका बसतो.

आणि उरलेल्या नऊ कार्डांचा माल मागवण्याआधी जिग पूर्ण जोडून, शंटसकट, एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या) १०० किलोहर्ट्झला मोजा. ०.२ मायक्रोहेन्रीच्या आत असेल तर मागवा. ०.५ च्या वर असेल तर पट्टीच्या टोकांना आणि लगांना बघा, बहुतेक वेळा दोन बोल्टांमधली दोन इंच मोकळी जागाच तिथे बसलेली असते.